तक्रार आहे, पण कोणाकडे?

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील बोरगावच्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत दहा पोती कांदा विक्रीस नेला. वजन ५१२ किलो भरले. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, वाहतूक आदी खर्च वजा जाता त्याच्या हाती उरले २ रुपये ४९ पैसे, आणि व्यापाऱ्याने त्याला धनादेश दिला तो २ रुपयांचा, तोही पुढील तारखेचा. बघता बघता ही बातमी देशभर पोहोचली. एरवी ज्या बार्शीचे नावही राज्याबाहेर फारसे कोणी घेत नाही, ती बार्शी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आली. शेतकऱ्याच्या हातातील तो धनादेश घराघरांत दिसला. चर्चा झडल्या, आरोप-प्रत्यारोप झाले आणि नव्या बातमीबरोबर कॅमेरेही नव्या गावाला गेले.

बार्शीच्या प्रेक्षकाला त्या चित्रापलीकडचे काही हवे होते. रांगडा कांदा टिकत नाही आणि एकाच वेळी बाजारात आला की भाव कोसळतो, ही गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक असते. पण राज्य शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, त्यानंतरही शेतकऱ्याच्या पट्टीतून नेमके काय काय वजा होते? माल हलक्या प्रतीचा होता असे व्यापाऱ्याचे म्हणणे होते, मग प्रत ठरवतो कोण आणि कशी? मार्च २०२३ मध्ये शासनाने कांद्याला प्रथम क्विंटलमागे ३०० व नंतर ३५० रुपये अनुदान जाहीर केले. त्यासाठी सातबाऱ्यावरील पीकनोंदीची अट होती, ती किती जणांना आड आली? हे प्रश्न धनादेशाच्या चित्राइतके नाट्यमय नाहीत, हे खरे. पण पुढच्या हंगामात कांदा लावावा की नाही, हे ठरवताना शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारी उत्तरे याच प्रश्नांची आहेत. दुःखाचे चित्र दाखवणे ही बातमीची सुरुवात असते. दुर्दैवाने बहुतेक वेळा तोच तिचा शेवट ठरतो.

दूरचित्रवाणीवरील बातम्यांच्या दर्जाविषयी तक्रार करणाऱ्यांची संख्या आज कमी नाही. बार्शीच्या पांडे चौकात, बाजार समितीच्या आवारात किंवा भगवंत मंदिराच्या ओट्यावर चार माणसे जमली, की हा विषय हमखास निघतो. तक्रारींचे स्वरूपही ठरलेले आहे. राज्यव्यापी वाहिन्यांवर बातम्या दिवसभर चालतात, पण त्यात मुंबईतील नेत्याने सकाळी काय म्हटले आणि दुसऱ्याने दुपारी त्याला काय उत्तर दिले, यातच वेळ सरतो. तालुक्याचे नाव निघते ते खून, अपघात किंवा पक्षांतर झाल्यावरच. स्थानिक पातळीवरची केबल वाहिनी किंवा तिची जागा घेणारे मोबाइलवरचे बातमीपत्र लावावे, तर तेथे वाढदिवस, सत्कार, उद्घाटने आणि शुभेच्छांची रांग. जाहिरात कोठे संपली आणि बातमी कोठे सुरू झाली, हे सांगणे कठीण. भर म्हणून पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी, जिच्यात ऱ्हस्व-दीर्घाची तर गोष्टच सोडा, वाक्याचा कर्ताही कधी कधी सापडत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तिची ही दैनंदिन अवस्था आहे.

ही केवळ जुन्या पिढीची कुरकुर म्हणून सोडून देता येणार नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. डॉ. विश्वास मेहेंदळे, प्रदीप भिडे, अनंत भावे यांच्यासारख्यांनी मराठी बातमीला एक भारदस्त वळण दिले. त्या काळी बातम्या थोड्या होत्या, सरकारी छापाच्या होत्या, सत्ताधाऱ्यांना अडचणीचे प्रश्न विचारण्याची तेथे सोय नव्हती, आणि आणीबाणीत तर त्या माध्यमाने सरकारचा भोंगा होण्याचे काम केले. त्यामुळे तो सुवर्णकाळ होता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पण बातमी देणारा माणूस शब्द तोलून वापरतो आणि ऐकणाऱ्याचा मान राखतो, हा अनुभव त्या पिढीने घेतला. जुलै २००० मध्ये आलेल्या ई टीव्ही मराठीने जिल्ह्याजिल्ह्यांतील घडामोडींना पडद्यावर जागा दिली. २००७ नंतर चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्यांची रांग लागली. वेळ वाढला, वाहिन्या वाढल्या, पण तालुक्याच्या वाट्याला येणारी समज त्या प्रमाणात वाढली नाही.

याची कारणे पैशात आणि रचनेत आहेत. तालुक्याचा बातमीदार बहुधा पगारी नोकर नसतो. त्याला बातमीमागे मानधन मिळते आणि अनेक ठिकाणी त्यानेच जाहिराती गोळा कराव्यात अशी अपेक्षा असते. ज्याच्याकडे सकाळी जाहिरातीसाठी जायचे, त्याच्याच कारभारावर संध्याकाळी बोट ठेवायचे, हे सामान्य माणसाला झेपणारे नव्हे. दुसरीकडे, केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनमुळे गावातल्या छोट्या केबलचालकाचे स्वतःचे नियंत्रण केंद्र मोडीत निघाले आणि प्रक्षेपण मोठ्या शहरांतील कंपन्यांकडून येऊ लागले. गावची बातमी दाखवणारी अनेक छोटी केंद्रे त्या ओघात मिटली किंवा मोबाइलवर गेली. तिसरे कारण म्हणजे प्रेक्षकसंख्येचे मोजमाप. देशभरातील कोट्यवधी घरांची आवड काही हजार घरांतील यंत्रांवरून ठरवली जाते. त्या मोजणीत फेरफार केल्याचे आरोप ऑक्टोबर २०२० मध्ये झाले. त्यानंतर वृत्तवाहिन्यांची आकडेवारीच थांबवण्यात आली, ती मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. अशा तराजूत बार्शीच्या पाणीप्रश्नाचे वजन किती भरणार?

या साऱ्यात नुकसान होते ते केवळ करमणुकीचे नव्हे. राज्यातील बहुतांश नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांपर्यंत तेथे प्रशासकांनी कारभार पाहिला. जवळपास चार वर्षे प्रभागात नगरसेवक नाही, सभागृहात चर्चा नाही, विरोधकांचा प्रश्न नाही. अशा काळात नळाला पाणी किती दिवसांनी येते, रस्त्याचे काम कोणाला दिले, घरपट्टी कशी वाढली, हे विचारण्याचे एकच खुले व्यासपीठ उरते आणि ते म्हणजे स्थानिक बातमी. ती जर सत्काराच्या हारांत गुंतलेली असेल, तर नागरिक अंधारात राहतो आणि त्या अंधाराचा लाभ कोणाला होतो, हे वेगळे सांगायला नको.

नेमकी, वेळेवर आणि आपल्या भाषेत मिळालेली माहिती काय करू शकते, याचे उदाहरण शोधायला बार्शीकरांना दूर जाण्याची गरज नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ मध्ये ग्रामीण भारतातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावागावांत कार्यकर्ते गेले. त्यांनी रुग्णांची नोंद तर केलीच, पण घरोघरच्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे साध्या शब्दांत समजावून सांगितली. हाती महागडी यंत्रे नव्हती, होते ते बोलणे. काही वर्षांत असे दिसून आले, की आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतच उपचाराला येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले आहे. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. पुढे याच रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेला तपासणीचा अभ्यास २००९ मध्ये जगापुढे आला आणि त्याने अनेक देशांच्या आरोग्यविचाराला दिशा दिली. माहितीने माणसे वाचतात, हे बार्शीने जगाला दाखवले. त्या बार्शीच्या पडद्यावर अशा कामाला वर्षातून किती मिनिटे मिळतात, हा प्रश्न बार्शीकरांनी स्वतःलाच विचारावा.

स्थानिक दूरचित्रवाणी म्हणजे हलक्या दर्जाची दूरचित्रवाणी, असे समजण्याचेही कारण नाही. १९७५ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक लहान प्रक्षेपक उभारून तेथील ग्रामस्थांसाठी त्यांच्याच बोलीत कार्यक्रम सुरू झाले. शेती, मजुरी, स्त्रियांचे प्रश्न, सावकारी असे विषय त्यात आले आणि गावकरी स्वतः पडद्यावर बोलू लागले. १९८४ मध्ये युनेस्कोने त्या प्रयोगाचा सन्मान केला. पन्नास वर्षांपूर्वी मर्यादित साधनांत जे साधले, ते आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना का साधू नये? साधने भरपूर झाली आहेत. तुटवडा आहे तो हेतूचा आणि त्या हेतूला पाठबळ देणाऱ्या समाजाचा.

दर्जाच्या प्रश्नातील सर्वांत गंभीर भाग मात्र भाषेचा किंवा जाहिरातीचा नाही. तो माणसाच्या अब्रूचा आहे. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ अन्वये गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ तेच सांगते. महानगरात नाव वगळले की ओळख लपते. बार्शीसारख्या गावात नाव वगळून गल्ली दाखवली, शाळेची पाटी दाखवली, घराचे दार दाखवले, की सारे उघड होते. चेहऱ्यावर धुरकट पट्टा ओढला आणि मागे घर ओळखू आले, तर कायद्याचे अक्षर कदाचित पाळले जाईल, पण त्या मुलीचे पुढचे आयुष्य सावरत नाही. कुटुंबात बसून बातम्या पाहणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांनी या एका मुद्द्यावर तरी आवाज उठवलाच पाहिजे.

पण आवाज उठवायचा कोणाकडे? येथेच खरी मेख आहे. बहुसंख्य प्रेक्षकांना असे वाटते, की तक्रारीला जागाच नाही. वस्तुस्थिती तशी नाही. केबल दूरचित्रवाणी जाळे अधिनियम १९९५ मध्ये झाला. त्याखालील नियमांत कार्यक्रम संहिता आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात थेट प्रक्षेपणामुळे जवानांच्या हालचाली शत्रूला कळल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याबद्दल वाहिन्यांना कठोर शब्दांत सुनावले आणि २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला संहितेनेच मनाई केली. जून २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन तक्रारीची तीन पायऱ्यांची व्यवस्था आली. प्रेक्षकाने प्रथम वाहिनीकडे लेखी तक्रार करावी. वाहिनीने २४ तासांत पोच द्यावी आणि १५ दिवसांत निर्णय कळवावा. समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे जावे, तिने ६० दिवसांत निकाल द्यावा, आणि त्यानंतर केंद्र शासनाच्या देखरेख यंत्रणेकडे दाद मागता येते.

गावपातळीवरील बातम्यांसाठी तर याहून जवळचे दार आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २००५ पासून जिल्हा संनियंत्रण समित्यांची तरतूद केली आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. पोलिस अधीक्षक, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या, स्त्रिया व बालकांसाठी काम करणाऱ्या संस्था, शिक्षणक्षेत्रातील जाणकार यांना तीत स्थान आहे. केबलवरील स्थानिक बातम्या समतोल व निःपक्षपाती असाव्यात आणि त्यांतून कोणत्याही समाजघटकाविरुद्ध चिथावणी मिळू नये, हे पाहणे या समितीच्या कामातच नमूद आहे. ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा स्थानिक वाहिन्यांनी नोंदणी करावी आणि दाखवलेल्या कार्यक्रमांचे चित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवावे, असेही बंधन आहे. म्हणजे तक्रारदाराला पुरावा कोठून आणू, ही चिंता नको. मात्र तक्रार त्या मुदतीच्या आत व्हायला हवी. गल्लीतील कट्ट्यावर वर्षभर चालणाऱ्या तक्रारीचा या व्यवस्थेत काडीचाही उपयोग नाही.

व्यवस्था आहे, परंतु ती अपुरीही आहे, हे मान्य केले पाहिजे. समित्या स्थापन करा, त्यांच्या बैठका घ्या, अशी स्मरणपत्रे राज्यांना पाठवण्याची वेळ मंत्रालयावर वारंवार आली आहे. वाहिन्यांच्या स्वनियमनात दंडाची कमाल रक्कम एक लाख रुपये. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या वाहिनीला तिचा धाक काय वाटणार, असा प्रश्न ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच उपस्थित केला. शिवाय ज्या स्थानिक वाहिन्या अशा संस्थेच्या सदस्यच नाहीत, त्यांना तेवढाही धाक नाही.

यावर काहींच्या मनात एक सोपा उपाय येतो, की सरकारने बडगा उगारावा. हा उपाय रोगापेक्षा भयंकर ठरेल. सोलापूर जिल्ह्याला हे इतिहासाने शिकवले आहे. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ जारी झाला, तेव्हा 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंगवास पत्करावा लागला. १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांच्या कार्यालयांत सरकारी कात्री फिरली आणि हजारो कार्यकर्त्यांच्या अटकेची बातमीही लोकांपर्यंत पोहोचू दिली गेली नाही. ज्या परिवारांनी तो काळ सोसला, त्यांनी तरी नियंत्रणाची मागणी शंभरदा विचार करून करावी. जिल्हाधिकाऱ्याच्या हाती वाहिनी बंद करण्याचे शस्त्र आले, की ते नळाच्या पाण्याची बातमी देणाऱ्यावर आधी चालेल आणि अब्रू वेशीवर टांगणाऱ्यावर नंतर. सत्तेवर आज कोण आहे, यावर हे तत्त्व अवलंबून राहता कामा नये. म्हणून समितीपुढे जाणारी तक्रार ही चूक दाखवणारी, दुरुस्ती आणि खुलासा मागणारी असावी. वाहिनीचे तोंड बंद करा असे म्हणणारी नसावी.

तक्रार करणाऱ्याने स्वतःलाही एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. बातमी एकांगी आहे, ही ओरड बहुधा आपल्या पक्षाविरुद्ध, आपल्या संस्थेविरुद्ध किंवा आपल्या गटाविरुद्ध बातमी आली म्हणजेच होते. विरोधकावर खोटे चिखलफेक करणारी बातमी आली, तर तीच व्यक्ती ती आनंदाने दहा जणांना पुढे पाठवते. असा प्रेक्षक दर्जाची मागणी करत नसतो. तो केवळ बाजू बदलून मागत असतो. सार्वजनिक कार्यकर्त्याची जबाबदारी तर अधिकच आहे. आपल्या कार्यक्रमाचे वृत्त यावे म्हणून बातमीदाराच्या हाती पाकीट ठेवायचे, निवडणुकीत पैसे मोजून स्तुतिपर बातम्या लावून घ्यायच्या, आणि मग पत्रकारिता घसरली म्हणून हळहळायचे, हा दुटप्पीपणा आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांनी महाराष्ट्राची मान खाली गेली, त्यात घेणाऱ्याइतकाच देणाराही दोषी होता. विकत घेणारा नसेल तर विकणारा फार काळ टिकत नाही.

१८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, ते ग्राहकांच्या रांगा लागल्या म्हणून नव्हे. समाजाला आरसा हवा, ही त्यांची श्रद्धा होती. आज आरसे अगणित आहेत, पण त्यांतील बरेच वाकडे आहेत. ते सरळ करण्याचे काम कायद्यावर किंवा एखाद्या सज्जन संपादकावर सोपवून भागणार नाही. बार्शीसारख्या गावात शिक्षक, वकील, डॉक्टर, गृहिणी, व्यापारी आणि शेतकरी यांच्यातील दहा-बारा जाणत्या मंडळींनी एकत्र यावे, महिनाभर स्थानिक बातम्या पाहून टिपणे ठेवावीत आणि बातमीदारांना सन्मानाने बोलावून त्यांच्यापुढे ती मांडावीत. जे चांगले असेल त्याचे मनापासून कौतुक करावे, प्रामाणिक बातमीपत्राला वर्गणी किंवा स्वच्छ जाहिरात देऊन उभे करावे, आणि जेथे माणसाची अब्रू पायदळी तुडवली जाते तेथे तारीख, वेळ व तपशील नमूद करून लेखी तक्रार करावी. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या शिक्षणकार्याचा वारसा सांगणाऱ्या गावाला हे अवघड नाही.

त्या २ रुपयांच्या धनादेशाने बार्शीची वेदना देशाला दिसली, पण बार्शीचे प्रश्न देशाला कळले नाहीत. दिसणे आणि कळणे यांतील हे अंतर कमी करणे हेच बातमीचे काम आहे, आणि ते काम होते की नाही, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे हे प्रेक्षकाचे कर्तव्य आहे. कट्ट्यावरची कुरकुर ज्या दिवशी सही केलेल्या अर्जात उतरेल, त्या दिवसापासून बार्शीच्या पडद्यावर खरी बार्शी दिसू लागेल.